पडदा ओढल्यावरचे दोन प्रश्न

९ तारीख, रात्री

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी असते. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके, सगळं कार्डावर चढतं. मनाची चौकशी मात्र बाहेर बाकावरच उरकली जाते, शेजारी सासूबाई बसलेल्या असताना. मग उत्तर ठरलेलं: "बरंय."

विचारायची जागा पडद्याआड. पोट तपासायला ती टेबलावर चढते तेव्हा सोबतची माणसं बाहेर थांबतात. बीपी घेताना विचारू नये, बोललं की आकडा वर जातो. तपासून झालं, ती पदर सावरून उठून बसली, की दोन मिनिटं हाती असतात. तेवढ्यात आवाज खाली आणून विचारावं: "गेल्या महिन्याभरात बरेचदा उदास, निराश वाटलं का गं?" आणि "पूर्वी ज्यात मन रमायचं, त्यात आता रमत नाही असं होतं का?" डिप्रेशन हा शब्द काढला की बायका नाहीच म्हणतात. "जीव घाबरा होतो", "डोक्यातले विचार थांबत नाहीत" हे त्या आपणहून सांगतात.

एकालाही हो आलं तर एडिनबर्ग प्रश्नावली, म्हणजे उदासीनता कितपत आहे ते पाहायचा कागद, भरून घ्यावी. ती मुळात बाळंतपणानंतरसाठी १९८७ साली आली, पण गरोदरपणातही चालते. १० प्रश्न, गेल्या ७ दिवसांपुरते, एकूण ३० गुण. १३ किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांकडे पाठवायचं. तिला वाचता येत नसेल तर सिस्टरनेच वाचून दाखवावं. नणंदेने वाचलं की उत्तरं बदलतात. आणि बेरीज करण्याआधी दहावा प्रश्न बघावा, स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराचा. बेरीज सहाच आली, पण तिथे शून्य नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. तोवर तिला एकटं सोडायचं नाही.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असलं किंवा थायरॉईड बिघडलेलं असलं तरी गळून गेल्यासारखं होतं, म्हणून दोन्ही तपासावं. पण रक्त कमी आहे एवढ्यावर मनाची चौकशी थांबवू नये.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य घरोघरी ऐकू येतं: "रडू नकोस, बाळावर परिणाम होईल." रडणं थांबत नाही, वर अपराधीपण चढतं. त्यापेक्षा "कधीपासून होतंय?" म्हणून गप्प बसावं. नवऱ्याने "काही लागलं तर सांग" म्हणू नये. रात्रीची भांडी किंवा मोठ्या लेकराला झोपवणं, एक काम ठरवून स्वतःकडे घ्यावं.

आधीपासून मनाच्या गोळ्या चालू असतील तर दिवस गेल्याचं कळताच घरचे त्या बंद करतात. अचानक बंद केल्याने आजार उलटतो. व्हॅल्प्रोएटसारखं औषध बाळाला खरंच घातक असतं, तेही डॉक्टरांनीच बदलायचं, पण त्यासाठी लगेच गाठायचं.

कार्डाच्या मागे १४४१६ लिहून द्यावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि जिने हो म्हटलं तिला पुढच्या ९ तारखेवर सोडू नये. आठवड्याच्या आत आशाताईंनी घरी जावं, दुपारी, घरची माणसं शेतावर गेलेली असताना.