जाळीदार म्हणजे नेमकं काय?

अनारशाला छान जाळी पडली म्हणतो तेव्हा आपण भोकांचं कौतुक करत असतो. घावनाचंही तेच. पान जाळीदार आहे म्हणताना मात्र भोकं नव्हे, धागे बघायचे असतात. विज्ञान शिकवताना मी इथे हटकून रेंगाळते. "द्विदल म्हणजे जाळीदार शिराविन्यास, एकदल म्हणजे समांतर" हे मुलांना तोंडपाठ असतं (बीत दोन दलं ते द्विदल झाड, एकच ते एकदल; शिराविन्यास म्हणजे पानातल्या शिरांची मांडणी), पण पानातली जाळी बहुतेकांनी नीट पाहिलेलीच नसते.

त्यासाठी पिंपळासारखं पान नाही. निबर पान पाण्यात बुडवायचं, वर दगड ठेवायचा, पाणी अधूनमधून बदलायचं. काही आठवड्यांत गर कुजतो. वास येतो, तो सोसायचा. मग बशीतल्या पाण्यातच मऊ ब्रशने अगदी हलक्या हाताने गर सोडवायचा. उरलेली जाळी वाळवून लोक तिच्यावर गणपती रंगवतात. मी ती तशीच भिंगाखाली ठेवते.

मध्यशिरेतून निघालेल्या शिरा कडेपर्यंत जात नाहीत. थोड्या अलीकडेच वळून त्या पुढच्या शिरेला कमानीसारख्या मिळतात. दोन शिरांमध्ये बारीक घरं, त्या घरांत आणखी बारीक. ह्या जुळण्यातच सगळं आहे. एखादी शीर किड्याने कुरतडली तरी पाणी शेजारच्या वाटेने वळसा घालून पुढे पोचतं. नुसते फाटे फुटत गेले असते आणि पुन्हा जुळले नसते, तर तुटलेल्या जागेपुढचा भाग सुकला असता. म्हणून मी मुलांना सांगते, फाटे मोजू नका, शिरा परत कुठे भेटतात ते शोधा.

आता त्या पाठ केलेल्या वाक्याबद्दल. आमच्या कोकणात ते दारातच अडखळतं. घोटवेल एकदल, तरी पानात चक्क जाळी. उंडीचं झाड द्विदल, पण त्याच्या पानातल्या बाजूच्या शिरा इतक्या दाट आणि समांतर की पान कंगव्याने विंचरल्यासारखं दिसतं. नियम ढोबळमानाने खराच आहे, पण हे अपवाद पुस्तकात धड्यासोबतच यायला हवेत असं मला मनापासून वाटतं. मुलं पानं तोडून आणतात, वाद घालतात, पुन्हा बघतात.

घोटवेल किंवा उंडी जवळपास नसेल तर परसातलं अळू चालेल. पान उजेडासमोर धरा, मुलांना विचारा हे एकदल की द्विदल, आणि उत्तर लगेच सांगू नका.