आठ आठवड्यांची इंटर्नशिप आणि पाच आठवडे अडकलेली फाइल

न्यायवैद्यक विज्ञानात एम.एस्सी. करत असताना मी मुंबईतील एका प्रयोगशाळेत आठ आठवड्यांची संशोधन इंटर्नशिप केली. रक्ताचा डाग टिपलेला स्वॅब पावसाळ्याच्या दमट हवेत कागदी पाकिटात ठेवला आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला, तर ७, १४ आणि २८ दिवसांनी त्यातून किती डीएनए मिळतो, हा माझा विषय होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये ७ वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद आहे, त्यामुळे हा प्रश्न मला केवळ परीक्षेपुरता वाटत नव्हता.

अर्ज, मुलाखत आणि ओळखपत्र एका आठवड्यात झाले. अडले ते माणसांवरील संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीच्या परवानगीपाशी, कारण मला दहा स्वयंसेवकांचे प्रत्येकी २ मिलि रक्त हवे होते.

पहिल्यांदा फाइल परत आली तेव्हा पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता: 'मराठी?' संमतिपत्र मी फक्त इंग्रजीत दिले होते. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, असे आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. ही चूक माझीच होती. मी मराठी मसुदा केला आणि तो समजतो का हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेतील मामांना वाचायला दिला. त्यांनी शेवटपर्यंत वाचून विचारले, "ताई, हे रक्त पोलिसांकडे तर जाणार नाही ना?" याचे उत्तर माझ्या दोन पानांत कुठेही नव्हते. नमुन्यावर नाव नसून फक्त संकेतांक असेल, डीएनएचे केवळ प्रमाण मोजले जाईल, कोणाचीही प्रोफाइल (डीएनएवरून व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती) काढली जाणार नाही, ही तीन वाक्ये मी त्याच दिवशी घातली.

फाइल तरीही दोनदा परत आली. एकदा उरलेल्या नमुन्यांची विल्हेवाट कशी लावणार हे लिहिलेले नव्हते म्हणून, तर दुसऱ्यांदा विभागप्रमुखांची सही जुन्या मसुद्यावर होती म्हणून. दोन्ही आक्षेप योग्यच होते, पण ते पहिल्याच दिवशी सांगता आले असते. दर वेळी एकच त्रुटी दाखवायची आणि पुन्हा रांगेत उभे करायचे, या पद्धतीत माझे पाच आठवडे गेले आणि त्याचा राग मला अजूनही येतो. म्हणून सांगते, पहिल्यांदा फाइल परत येताच सर्व त्रुटी एकत्र कळवण्याची लेखी विनंती करा आणि पोच घ्या. मला हे तिसऱ्या खेपेस सुचले.

त्या काळात मी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे रक्त आणून फरशीवर आणि कापडावर डाग तयार करत असे. डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओला केलेला स्वॅब आधी, त्याच जागी कोरडा स्वॅब नंतर, आणि तुलनेसाठी शेजारच्या स्वच्छ जागेचा एक नियंत्रण स्वॅब, हा क्रम तेव्हाच हातात बसला. डाग रक्ताचा असू शकतो का हे पाहण्यासाठी केल्या जाणाऱ्या फिनॉल्फथॅलीन चाचणीत हायड्रोजन पेरॉक्साइड टाकण्याआधीच गुलाबी रंग आला, तर ती चाचणी ग्राह्य धरू नये. मुळ्याच्या रसानेही रंग येऊ शकतो, म्हणून ही चाचणी रक्ताची शक्यता सांगते, खात्री नव्हे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: पाकिटावरचा मजकूर स्वॅब आत घालण्यापूर्वी लिहावा आणि पाकीट कधीही जिभेने ओले करून चिकटवू नये, कारण त्या लाळेतून आपलाच डीएनए पुराव्यात मिसळतो.

परवानगी आली तेव्हा तीन आठवडे उरले होते. प्लास्टिकच्या पिशवीत ओलाच ठेवलेल्या एका स्वॅबच्या टोकावर पाचव्या दिवशी राखाडी लव दिसली; सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवलेला त्याच रक्ताचा स्वॅब तपकिरी आणि कोरडा होता. ७ आणि १४ दिवसांची मोजमापे मी पूर्ण केली. अहवालातील २८ दिवसांचा रकाना मात्र रिकामा ठेवूनच मला तो सादर करावा लागला.