राक्षसाचा फॉर्म

गोष्ट ऐन रंगात आली होती. राजकन्येला गुहेत कोंडून राक्षस दाराशी बसला होता, राजपुत्र घोड्यावरून उतरला होता आणि माझी मुलगी पांघरुणातून नुसते डोळे बाहेर ठेवून ऐकत होती. राजपुत्राने तलवार उपसली. तेव्हा राक्षस म्हणाला, "तलवार राहू द्या. आधी फॉर्म दोन प्रतींत भरून आणा."

"कसला फॉर्म?" मुलगी उठूनच बसली.

"कसला फॉर्म?" मीही विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"बाबा, तू झोपलास!"

"छे! जागा आहे मी."

खरोखर जाग्या माणसाला 'जागा आहे मी' असं कधी सांगावं लागत नाही. पुस्तक छातीवर उपडं पडलेलं असतं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलेला असतो, घोरणं पलीकडच्या खोलीत ऐकू गेलेलं असतं, पण कुणी टीव्ही बंद करायला उठलं की आपण तत्परतेने म्हणतो, "राहू दे, बघतोय मी." यात लबाडी नसते हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि फार बरं वाटलं. झोपेच्या प्रयोगशाळेत माणसाला अगदी पहिल्या, पातळ झोपेतून हलवून विचारलं, तर बरेच जण सांगतात की आम्ही जागेच होतो. शेजारी यंत्रावर त्यांची झोप रेघारेघांनी उमटलेली असते. तरीही नाही म्हणजे नाही.

मराठीने ही भानगड फार पूर्वीच ओळखलेली दिसते. मी जेवतो, मी चालतो, मी भांडतो. पण मला झोप लागते. इथे करणारी ती, मी नुसता तिच्या तावडीत सापडलेला. ठेच लागते, नजर लागते, तशी झोप लागते. ती येते, उडते, मोडते, सगळं तिच्या मर्जीने. स्वप्नही आपण करत नाही, ते पडतं, पाऊस पडावा किंवा प्रश्न पडावा तसं. सकाळी जाग येते, तीही कुठून तरी बाहेरून. 'मी झोपतो' असंही आपण म्हणतो, पण त्याचा अर्थ दिवा घालवून आडवा होतो, एवढाच. म्हणून तर 'झोपलो, पण झोप लागली नाही' हे वाक्य आपल्याला जराही विचित्र वाटत नाही. 'जरा झोप काढतो' म्हणताना तेवढं कर्तेपण आपण मिरवून घेतो, पण तिथेही कर्ज काढल्याचा सूर आहेच.

तर हा 'लागते' तो क्षण एकदा पकडायचाच, असं मी मध्यंतरी मनावर घेतलं होतं. वर्षातून तीनशे पासष्ट वेळा एक गोष्ट आपल्या बाबतीत घडते आणि आपण एकदाही तिथे हजर नसतो, हे काही बरोबर नाही. म्हणून अंधारात पडून मी स्वतःवर पाळत ठेवायला लागलो. उद्या बिल भरायचंय. बिल भरलं की पावती जपून ठेवायला हवी. पावती ओली आहे, जिन्यात वाळत घालू. जिन्याला विचारून घेऊ, त्याला चालेल का. आणि या 'जिन्याला विचारून घेऊ' पाशी एकदम लख्ख जाग! वाक्य घडताना त्यात काहीही वावगं वाटलेलं नसतं. जिना हा विचारून घेण्यासारखाच मनुष्य असतो. पकडला म्हणावं तर मी जागा झालेलो असतो, आणि जागा झालो नाही तर पकडणाराच पसार असतो. चोर आणि शिपाई एकच असल्यावर अटक व्हायची कशी?

शेवटी हे काम दुसऱ्या कुणी तरी करावं लागतं. झोपेच्या शास्त्रातले एक आद्य संशोधक विल्यम डिमेंट यांनी ते करून पाहिलं. एका तरुणाला त्यांनी आडवं केलं आणि त्याच्या पापण्या चक्क चिकटपट्टीने उघड्या बांधल्या. डोळ्यांसमोर थोड्या थोड्या वेळाने झगझगीत प्रकाश चमकणार, आणि चमकला की त्याने बटण दाबायचं. काही मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग एकदा प्रकाश चमकला आणि बटण दाबलं गेलं नाही. का दाबलं नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, प्रकाश आलाच नाही म्हणून. आलेखात दिसत होतं की त्या वेळी तो साधारण दोन सेकंद झोपला होता. डोळे सताड उघडे, समोर लखलखाट, आणि पाहणारा घरात नाही. मला हा प्रयोग भुताच्या गोष्टीपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो. विशेषतः रात्रीच्या गाडीने प्रवास करत असलो, तर चालकाच्या पाठीकडे पाहताना.

हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२९ साली माणसाच्या मेंदूतल्या विजेचे आलेख प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे बाहेरून पाहता येऊ लागलं. डोळे मिटून स्वस्थ पडलं की सेकंदाला आठ ते बारा अशा संथ, सारख्या लाटा दिसतात. झोप लागायला लागली की त्या विस्कटतात, त्यांच्या जागी आणखी सुस्त लाटा येतात, मिटल्या पापण्यांखाली बुबुळं सावकाश इकडून तिकडे तरंगू लागतात. दिव्याच्या बटणासारखं खट् करून काही होत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अपस्माराच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूत आधीच तारा बसवलेल्या होत्या अशा रुग्णांत, यापुढची गंमत दिसली. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग असतो. डोळ्यांकडून, कानांकडून, त्वचेकडून येणाऱ्या बातम्या त्याच्या हातून पुढे जातात. झोप लागताना हा आधी मंदावतो. मेंदूचं बाह्यपटल, म्हणजे जिथे विचार, अर्थ, भाषा वगैरे कारभार चालतो, ते त्यानंतरही कित्येक मिनिटं कामात असतं.

म्हणजे फाटकाला कुलूप घालून रखवालदार घरी गेला आहे, आणि आत कचेरीत कारकून अजून खर्डेघाशी करताहेत. बाहेरून टपाल येणं बंद झालं आहे. मग टेबलावर जे काही उरलं असेल त्याचाच निपटारा सुरू होतो, फायली एकमेकींत मिसळतात, राजपुत्राच्या अर्जावर परवाच्या कामाचा शिक्का बसतो. राक्षसाने फॉर्म मागितला तो असा. त्याच दिवशी सकाळी मी एका खिडकीसमोर उभा होतो आणि एकच प्रत आणली म्हणून परत पाठवला गेलो होतो. राक्षस बोलला ते त्या खिडकीच्या आवाजात.

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' हे आपण म्हणतोच. पण मनी म्हणजे नेमकं कुठे? २००० साली रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना टेट्रिस हा खेळ खेळायला लावला. वरून पडणारे चौकोनी तुकडे फिरवून खाली बसवायचे, तोच तो. रात्री झोप लागतालागता त्यांना विचारलं, काय दिसतंय? पुष्कळांना तुकडे पडताना दिसत होते. यात नवल नाही, दिवसभर पोहून आलं की रात्री बिछानाही हिंदकळतो. पण त्यांच्यात पाच जण असे होते की मेंदूला इजा झाल्यामुळे त्यांना नवीन काही लक्षातच राहत नव्हतं. आपण हा खेळ खेळलो हेही त्यांना आठवत नव्हतं. त्या पाचांपैकी तिघांनाही पडणारे तुकडे दिसले. कसले आहेत, कुठून आले, पत्ता नाही. त्यांच्या मनी काहीच वसलेलं नव्हतं आणि तरी ते दिसलं. हे वाचल्यापासून ती म्हण उच्चारताना मी थोडा चाचरतो.

झोप लागतानाचे हे तुकडे वापरून घ्यायचा उद्योगही पुष्कळांनी केला. चित्रकार साल्वादोर दालीने आपली रीत लिहूनच ठेवली आहे: खुर्चीत बसायचं, हातात जड किल्ली धरायची, खाली थाळी उपडी घालायची. डोळा लागला की बोटं सैल पडतात, किल्ली थाळीवर आदळते आणि माणूस जागा होतो, ताज्या चित्रासह. एडिसनही हातात गोळे धरून असंच करायचा म्हणतात. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे गंभीरपणे तपासलं. गणिताची एक किचकट मालिका सोडवायला दिली, तिच्यात एक सोपी पळवाट दडवलेली होती. मध्ये वीस मिनिटांची विश्रांती. जे विश्रांतीत जागे राहिले त्यांच्यातल्या ३० टक्क्यांना पुढे पळवाट सापडली. जे त्या पहिल्या पातळ झोपेत किमान पंधरा सेकंद जाऊन आले, त्यांच्यातल्या ८३ टक्क्यांना. आणि जे आणखी खोल उतरले, त्यांच्यात अवघ्या १४ टक्क्यांना. पायरीवर बसावं, विहिरीत उतरू नये.

मी अर्थातच हे करून पाहिलं. जड किल्ली घरात नव्हती, डाव घेतला. डाव पडला, थाळी दणाणली, मी दचकून उठलो, आणि हाती आलेला दिव्य विचार असा होता: 'सगळे कोपरे धुऊन वाळत घाला.' तो मी लिहून ठेवला आहे. अजून उपयोगात आलेला नाही.

लिहून ठेवणं हाही भरवशाचा मार्ग नव्हे. ओटो लोवी या शास्त्रज्ञाला एका रात्री झोपेत प्रयोग सुचला. त्याने अर्धवट जागं होऊन कागदावर खरडलं, पुन्हा झोपला, आणि सकाळी पाहतो तर स्वतःचंच अक्षर लागेना. सबंध दिवस तो त्या कागदाकडे पाहत बसला असेल, या कल्पनेनेच माझा जीव खालीवर होतो. नशीब असं की पुढच्या रात्री तोच विचार पुन्हा आला. या वेळी लोवीने कागदाच्या नादी न लागता थेट प्रयोगशाळा गाठली. बेडकाच्या हृदयाकडे जाणारा मज्जातंतू चेतवला, ते हृदय मंदावलं, त्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं. मज्जातंतू रसायनांच्या मार्फत निरोप देतात याचा हा पुरावा. त्याबद्दल १९३६ चं नोबेल. आमच्याकडे कोपरे वाळताहेत.

बरं, समजा तो क्षण पकडलाच, तरी तो हातात राहील का? १९९४ मधल्या एका प्रयोगात झोपी जाणाऱ्यांना शब्द ऐकवत ठेवले. झोप लागून अर्धं मिनिट झाल्यावर उठवलं तर शेवटचे शब्द आठवत होते. दहा मिनिटांनी उठवलं तर झोपेच्या आधीच्या तीनेक मिनिटांतले शब्द पुसट झालेले. म्हणजे झोप पुढे जाता जाता मागची पावलंही पुसत जाते. तीनशे पासष्टपैकी काही रात्री मी कदाचित हजर होतोही. नोंद नाही.

ज्यांना झोप लागत नाही त्यांचं दुखणं याच्या बरोबर उलटं. त्यांच्यातला पाळत ठेवणारा हलतच नाही. लागली का? अजून नाही. आता? घड्याळात पाहू का? अशांना व्हिक्टर फ्रँकल या मनोविकारतज्ज्ञाने उलटाच उपाय सांगितला होता: झोपायचा प्रयत्न सोडा, जागं राहायचा प्रयत्न करा. पहारेकऱ्याला पहारा द्यायचं काम दिलं की तो कंटाळून पेंगतो, असं मी आपलं त्याचं भाषांतर करून घेतलं आहे.

पतंजलींनी मात्र निद्रेला चित्ताच्या पाच वृत्तींमध्ये बसवलं. झोप म्हणजे चित्त बंद पडणं नव्हे, तीही त्याची एक हालचालच. भाष्यकारांचा युक्तिवाद असा, की उठल्यावर माणूस 'सुखाने झोपलो' असं म्हणतो. आठवण आहे, त्या अर्थी अनुभव होता. युक्तिवाद देखणा आहे. पण मला शंका येते ती माझ्यावरून. 'छान झोप झाली' हे मी आठवून म्हणत नाही. डोळे हलके, अंग हलकं, चिडचिड कमी, यावरून अंदाजाने म्हणतो, भांडं रिकामं दिसल्यावर कुणी तरी दूध प्यायलं असणार म्हणावं तसं. कोण प्यायलं ते भांड्याला विचारून कळत नाही. तरी या बाबतीत पतंजलींपुढे माझी साक्ष कितपत चालेल? मी तर राक्षसाने फॉर्म मागितला तेव्हाही जागाच होतो.

शेवटी मी मुलीलाच साक्षीदार नेमलं. उशाशी वही आणि पेन्सिल. बाबाने गोष्टीत काही वेडंवाकडं घातलं की तिथल्या तिथे लिहायचं आणि शेजारी वेळ टाकायची. तिला हे काम फारच आवडलं. रात्री गोष्ट सुरू झाली, राजपुत्र घोड्यावर बसला, इथवर मला आठवतं.

सकाळी वही उघडली. पहिली ओळ सुवाच्य: '९ वाजून २५. घोडा म्हणाला पुढच्या खिडकीत जा.' दुसरी थोडी तिरकी: '९ वाजून ३१. राजकन्येची झेरॉक्स.' तिसऱ्या ओळीत '९ वाजून' एवढं होतं, त्यापुढे बहुधा 'राक्षस', आणि 'स'चा काना जरुरीपेक्षा लांब होत होत पानाच्या कडेपर्यंत उतरत गेला होता.

"तू झोपलीस," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली. "मी जागीच होते."