तुम्ही विचारलंत म्हणून: एका आमीनची गोष्ट

"मदरशाच्या हॉस्टेलात एवढे नियम कसे पाळायचात? मार पडायचा का?" ऑफिसात डबा उघडला की हा प्रश्न ठरलेला. छडी होती, नाही कशाला म्हणू. सबक, म्हणजे धडा, कच्चा निघाला की पडायची. पण छडीने मी फारसा बदललो नाही. बदललो तो पोरांमुळे.

मी म्हसळ्याचा कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई पंथाचा. डोंगरीतल्या त्या हॉस्टेलात बाकी बहुतेक यूपी-बिहारचे, हनफी, म्हणजे दुसऱ्या सुन्नी पंथाचे. आमच्याकडे जमातीत, म्हणजे एकत्र नमाजात, फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय) संपली की 'आमीन', म्हणजे 'तथास्तु', मोठ्याने म्हणतात, त्यांच्याकडे मनात. दोन्ही बरोबर. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तू तुझ्या पद्धतीने पढ. म्हणजे नियम माझ्याच बाजूने होता!

पहिली फजर, पहाटेची नमाज. अर्धवट झोपेत होतो. फातिहा संपली आणि मी घरच्यासारखं खणखणीत "आमीन" म्हटलं. एवढ्या पोरांत एकच आवाज, वर पंख्याची घरघर. नमाजात कोण वळून बघणार? पण शेजारच्याचं दाबलेलं हसू माझ्या खांद्याला कळलं. मग नाश्त्याच्या रांगेत, "ए कोकनी, मुर्दे जगाएगा क्या?" बस, एवढंच. कोणी मारलं नाही, अबोला धरला नाही. दुसऱ्या दिवशी आमीन घशापर्यंत आलं, ते गिळलं. महिनाभरात नमाजात बांधलेले हातही आमच्यासारखे बेंबीच्या वर न राहता हनफींसारखे बेंबीखाली उतरले. सुट्टीत अब्बांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी श्रीवर्धनचा एक पोरगा आला, दहाएक वर्षांचा. आदल्या रात्री मीच त्याला आपल्या बोलीत गाव विचारलं होतं, चादर दिली होती. सकाळी त्याचं आमीन घुमलं आणि सगळ्यांत आधी माझाच खांदा हलला. नाश्त्याला 'मुर्दे'वालं वाक्यही मीच टाकलं. तो हसला नाही. हातातला पाव चहात विरघळून पडेपर्यंत माझ्याकडे बघत होता.

लहान होतो, असं म्हणतो मी. तेरा वर्षांचा होतो, कळत होतं.

बरं, हीच पोरं मला फजरला ओला रुमाल तोंडावर पिळून उठवायची. त्यांच्याशिवाय माझे कुराणाचे 30 पारे (भाग) पाठ झाले नसते, हेही लिहून ठेवा. आणि हे फक्त मदरशातच चालतं असं समजू नका. तुमच्या टेबलावर डब्यात काय आहे विचारलंत की मी 'मटण' हळूच म्हणतो. तो कुठला नियम?

आता शाफईंच्या जमातीत उभा राहिलो, तरी आधी शेजाऱ्याचं आमीन कानावर पडतं. मग माझं निघतं.