पदच्युत राजांच्या व्यंगचित्रांसाठी पॅरिस: दोन दिवसांचा मार्ग

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये गादी गमावलेल्या राजांची कशी खिल्ली उडवली, ते पाहायला पॅरिसला जाणार असाल तर एक गोष्ट आधी पक्की ध्यानात घ्या. ही चित्रं संग्रहालयांच्या भिंतींवर कायमची टांगलेली नसतात. ती दगडावर खडूने काढून कागदावर छापलेली शिळाछाप चित्रं आहेत. उजेडाने कागद पिवळा पडतो आणि रंग उडतो, म्हणून पन्नासेक लक्सच्या मंद प्रकाशात ती थोडे महिने मांडतात, मग पुन्हा खोक्यात ठेवतात. त्यामुळे निम्मं काम निघण्याआधी घरीच करायचं असतं.

त्यासाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गॅलिका’ हे संकेतस्थळ मोफत आहे. तिथे ‘द विंक’ संग्रह शोधा, नाव फ्रेंच स्पेलिंगने टाका. १७७० ते १८७१ चा इतिहास त्यात छापील चित्रांतून लावलेला आहे. शोधताना राजाच्या नावापेक्षा तारखेवर भर द्या, कारण सेन्सॉर उठला की चित्रांचा पूर यायचा आणि कायदा आवळला की तो थांबायचा. दहावा शार्ल २ ऑगस्ट १८३० ला पायउतार झाला. त्याची चित्रं त्यानंतरच्या काही महिन्यांत सापडतात. इजिप्तच्या सुभेदाराने भेट पाठवलेला जिराफ १८२७ मध्ये पॅरिसला पोचला होता, त्या जिराफाच्या मानेवर चित्रकारांनी शार्लचं डोकं बसवलं. शार्लनंतर गादीवर आलेल्या लुई-फिलिपची चित्रं १८३१ ते ऑगस्ट १८३५ या काळात आणि मग थेट फेब्रुवारी १८४८ मध्ये त्याची सत्ता गेल्यानंतरची शोधा. सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने चित्रांना पूर्वपरवानगी सक्तीची केली, म्हणून मधल्या साडेबारा वर्षांत राजावरचं चित्र जवळजवळ मिळत नाही. हे माहीत नसलं की तासन्‌तास वाया जातात. सम्राट तिसऱ्या नेपोलियनसाठी, त्याची सत्ता गेली त्या ४ सप्टेंबर १८७० पासून पुढचे महिने धरा.

पहिला दिवस मंगळवार ते शनिवारमधला निवडा. सोमवारी कार्नावाले आणि ओर्से ही दोन्ही संग्रहालयं बंद असतात, रविवारी वेरो-दोदा गल्ली बंद. सकाळी सेंट-पॉल मेट्रो स्थानकाहून चालत कार्नावाले संग्रहालयात जा. कायम दालनं मोफत आहेत. १८३०, १८४८ आणि १८७० ची दालनं ओळीने पाहिलीत की चित्रांतले संदर्भ उलगडायला लागतात. तिथून राष्ट्रीय ग्रंथालयाच्या रिशल्यू इमारतीत जा. ओव्हल वाचनकक्ष सर्वांना मोफत खुला आहे. चित्रविभागात मात्र वाचक-पत्र लागतं. कामाचं कारण सांगावं लागतं, पासपोर्टही जवळ असावा. जे चित्र गॅलिकावर आहे त्याची मूळ प्रत सहसा देत नाहीत. म्हणून गॅलिकावर न सापडलेल्या चित्रांचीच यादी न्या.

तिथून दहा मिनिटांवर १८२६ ची काचेच्या छताची गालेरी वेरो-दोदा आहे. ओबेर यांचं चित्रांचं दुकान इथेच होतं. व्यंगचित्रकार-संपादक शार्ल फिलिपोंच्या ‘ला कारिकात्यूर’ आणि ‘ल शारिवारी’ या पत्रांतली चित्रं त्याच्या काचेत लागायची आणि बाहेर गर्दी व्हायची. इथे थोडं थांबाच. नोव्हेंबर १८३१ च्या खटल्यात फिलिपोंने चार रेखाटनांत लुई-फिलिप राजाचा चेहरा नाशपती केला: पहिल्यात हुबेहूब राजा, दुसऱ्यात गाल सुटलेले, तिसऱ्यात कपाळ निमुळतं, चौथ्यात निव्वळ फळ. पहिलं चित्र गुन्हा असेल तर दुसरं का नाही, आणि मग नाशपती काढणंही गुन्हाच का, हा त्याचा सवाल होता. शिक्षा झालीच, पण नाशपती साऱ्या शहराच्या भिंतींवर पोचली.

दुसरा दिवस ओर्सेचा. गुरुवारी ते रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. फिलिपोंच्या पत्रांचा व्यंगचित्रकार दोमिये याने कच्च्या मातीत घडवून रंगवलेले ३६ वीतभर अर्धपुतळे इथे आहेत. त्या काळचे खासदार, मंत्री, न्यायाधीश, पत्रकार. बाजूने वाकून पाहिलंत तर फुगलेल्या गालांवर बोटांनी दाबलेली माती दिसते. यांवरूनच त्याने शिळाछाप चित्रं काढली. आधी माहिती-खिडकीवर दालन विचारा, मांडणी बदलत असते.

मग सेन नदीच्या काठावरच्या जुन्या पुस्तकविक्रेत्यांच्या पेट्यांकडे वळा. इथे मूळ प्रतीबरोबर नक्कलही विकली जाते, म्हणून दहापट भिंग खिशात असू द्या. ठिपके एकसारखे, ओळीत बसलेले असतील तर ती अलीकडची छपाई. खडूचे दाणे वेडेवाकडे असतील तर शिळाछाप. ‘ल शारिवारी’चं पान असेल तर मागच्या बाजूला वर्तमानपत्राचा मजकूर असतो आणि तो पुढे थोडा झिरपतो, तो दोष नव्हे. मागचा कागद कोरा असेल तर ती वेगळी काढलेली चांगली प्रत आणि किंमतही जास्त.

मागायचं असेल तर ४ मार्च १८४८ चं दोमियेचं चित्र मागा: त्युइलरी राजवाड्यात पॅरिसचा उनाड पोरगा सिंहासनावर बसलाय आणि म्हणतोय, यात तर माणूस पार बुडतोय! देल्तेय यांनी केलेल्या दोमियेच्या चित्रांच्या सूचीत त्याचा क्रमांक १७४३ आहे, दुकानदार याच क्रमांकाने ओळखतात. दुसरं नाव व्यंगचित्रकार आदोलच्या ‘ला मेनाझरी एंपेरियाल’ (शाही प्राणिसंग्रह) या चित्रमालेचं. १८७० च्या या ३१ रंगीत पानांत सम्राट तिसरा नेपोलियन गिधाड आहे आणि त्याच्या नखांत रक्तबंबाळ फ्रान्स. सम्राज्ञी यूजेनी बगळ्यासारखा क्रौंच. क्रौंचाच्या फ्रेंच शब्दाला रस्त्यावरच्या भाषेत बाईसाठी हलका अर्थ आहे, हे माहीत नसेल तर विखार कळत नाही.

चित्राखालची ओळ कात्रीने उडवलेली प्रत घेऊ नका, निम्मा विनोद तिथेच असतो. घेतलेली प्रत गुंडाळू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून हातातल्या पिशवीत आणा.