दियादेमा: ३० चौरस किलोमीटरमध्ये कोंबलेलं कामगारांचं शहर

ब्राझीलमधल्या साओ पाउलोहून इमिग्रांतेस महामार्गाने समुद्राकडे निघालं की या राज्य-राजधानीची हद्द कुठे संपली हे कळायच्या आत दियादेमा मागे पडतं. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड आणि त्यांच्या मागे टेकड्यांवर चढत गेलेली, गिलावा न केलेली विटांची घरं. पाटी वाचली नाही तर ही वेगळी नगरपालिका आहे हे लक्षातही येत नाही. १९५९ मध्ये ती साओ बेर्नार्दो दो काम्पोपासून वेगळी झाली. क्षेत्रफळ सुमारे ३०.७ चौरस किलोमीटर आणि २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३,९३,२३७, म्हणजे चौरस किलोमीटरला १२,८०० च्या आसपास माणसं. ब्राझीलमधल्या सर्वांत दाट वस्तीच्या शहरांत तिचा नंबर लागतो. इथलं काहीही समजून घ्यायचं तर आधी जागेची ही टंचाई लक्षात घ्यावी लागते.

सांतो आंद्रे, साओ बेर्नार्दो आणि साओ काएतानो या तीन शहरांच्या आद्याक्षरांवरून या पट्ट्याला 'एबीसी' म्हणतात. दियादेमाला जोडून घेणारे 'एबीसीडी' म्हणतात. फोक्सवागन, मर्सिडीज, स्कानिया हे मोठे कारखाने आंशिएता महामार्गालगत साओ बेर्नार्दोत उभे राहिले. तो रस्ता १९४७ मध्ये खुला झाला आणि मोठे सपाट भूखंडही तिकडेच होते. दियादेमाच्या वाट्याला आले ते सुटे भाग बनवणारे छोटे-मध्यम कारखाने: प्रेसकाम, रबर, प्लास्टिक मोल्डिंग, फोर्जिंग (तापवलेला धातू दाबून घडवणं). पुढे सौंदर्यप्रसाधनं आणि रसायनंही आली. गाडीच्या बाजारात मंदी आली की आधी झळ बसते ती अशा पुरवठादारांना, कारण मोठी कंपनी सर्वांत आधी ऑर्डर कापते, स्वतःची लाइन नंतर.

यातलं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. कोन्फोर्जा ही इथली फोर्जिंगमधली मोठी कंपनी १९९० च्या दशकात डबघाईला आली. कामगारांनी खात्यावार सहकारी संस्था काढल्या, यंत्रं भाड्याने घेऊन काम चालू ठेवलं आणि पुढे त्यातूनच युनिफोर्जा उभी राहिली. इथला माल म्हणजे फ्लँज (पाइप एकमेकांना जोडायच्या कड्या) आणि रिंग. पोलादाचा ठोकळा भट्टीत सुमारे १,२०० अंशांपर्यंत तापवायचा, प्रेसखाली चपटा करायचा, मधे भोक पाडायचं आणि मग रोलरांमध्ये फिरवत रिंगचा व्यास वाढवायचा. ठोकळा पुरेसा तापला नसेल तर कडेला चिरा पडतात, जास्त तापला तर धातूचे कण जाडे होतात आणि पुढे उष्णोपचारात तो दोष पूर्ण भरून निघेलच असं नाही. कारागिरांना हे सगळं येत होतंच. अशा कारखान्याचं घोडं अडतं ते खेळत्या भांडवलावर: पोलाद आधी विकत घ्यावं लागतं आणि मालाचे पैसे नंतर येतात. दिवाळखोर मालकाचा कारखाना हाती घेणाऱ्यांना उधारीवर पोलाद कोण देणार?

कारखान्यांमागोमाग माणसं आली. १९६० मध्ये जेमतेम १२ हजारांची ही वस्ती १९८० पर्यंत सव्वादोन लाखांच्या पुढे गेली. बरेच लोक ईशान्य ब्राझीलमधून आणि मिनास जेराइसमधून आलेले. पगार मिळायचा, पण त्यात प्लॉट येत नव्हता, म्हणून ओढ्याकाठच्या आणि उतारावरच्या सरकारी जमिनींवर फावेला, म्हणजे झोपडवस्त्या, उभ्या राहिल्या. १९८२ च्या निवडणुकीत जिल्सन मेनेझेस महापौर झाले. हे स्कानियाच्या टूलरूममधले कामगार, तिथल्याच मे १९७८ च्या संपाचे एक पुढारी. देशभरात त्या वर्षी वर्कर्स पार्टी या डाव्या पक्षाला दोनच नगरपालिका मिळाल्या, त्यातली ही एक.

या काळात वस्त्या न हलवता जागच्या जागी सुधारण्याची पद्धत बसली. आधी रहिवाशांसोबत गल्ल्यांची आखणी, मग आड येणारी घरं मागे घेणं किंवा त्याच वस्तीत दुसरीकडे हलवणं, मग पाणी, गटार आणि वीज. हा क्रम उलटा केला की फसतं: नळ आधी टाकले आणि गल्ली नंतर रुंद केली, तर तेच नळ पुन्हा उखडावे लागतात. जमीन सार्वजनिकच राहायची, घरमालकाला ९० वर्षांचा वापरहक्क मिळायचा. १९९४ च्या शहर आराखड्यात आणखी एक पाऊल पडलं. वसलेल्या फावेलांबरोबर काही रिकामे भूखंडही गरिबांच्या घरांसाठी राखून ठेवले गेले. माझ्या मते हा निर्णय जास्त मोलाचा, कारण राखीव जमिनीवर टॉवर बांधता येत नाही म्हटल्यावर तिचा भाव आवाक्यात राहतो आणि घरबांधणी संस्थांना ती घेता येते.

दक्षिणेकडे एल्दोरादो भागात मात्र कायदाच उलटला. हा भाग बिलिंग्स जलाशयाच्या पाणलोटात येतो. १९७५-७६ च्या राज्य कायद्यांनी इथे दाट बांधकामावर आणि कारखान्यांवर कडक बंधनं घातली. कायदेशीर बांधकामाला वाव उरला नाही तशी जमीन स्वस्त झाली, आणि नेमक्या त्याच जमिनीचे बेकायदा तुकडे पाडून गरिबांना विकले गेले. आता तिथलं सांडपाणी जलाशयात जाऊ नये म्हणून पंपाने उचलून पाणलोटाबाहेर न्यावं लागतं. पंप बंद पडला की उतार आपलं काम करतो.

जायचं असेल तर रेल्वे शोधू नका, ती इथे नाहीच. साओ पाउलो मेट्रोच्या निळ्या लाइनचं शेवटचं स्थानक जाबाक्वारा, तिथून २९० नंबरची बस दियादेमा टर्मिनलला येते. १९८८ मध्ये सुरू झालेल्या, सुमारे ३३ किलोमीटरच्या या मार्गिकेवर ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या तारेतून दांड्याने वीज घेणाऱ्या बस, धावतात. वळणावर कधी दांडा तारेवरून निसटतो. मग गाडी थांबते आणि मागची दोरी ओढून तो पुन्हा तारेवर बसवावा लागतो, तेवढा वेळ धरून निघा.

दियादेमाचं नाव जगभर गेलं ते खुनांमुळे. १९९९ मध्ये इथे लाख लोकसंख्येमागे शंभरावर खून झाले. त्याआधी मार्च १९९७ मध्ये फावेला नावालमध्ये पोलिसांनी नाकाबंदीत लोकांना मारहाण केल्याचं, गोळीबार केल्याचं चित्रीकरण टीव्हीवर दाखवलं गेलं होतं. देशात छळविरोधी कायदा झाला तो त्यानंतर आठवडाभरात. मग जुलै २००२ पासून नगरपालिकेने रात्री ११ ते सकाळी ६ बार बंद ठेवायला लावले. निम्म्याहून जास्त खून याच वेळात होत होते. नियम लागू होण्याआधी विक्रेत्यांना घरपोच माहिती देऊन सह्या घेतल्या. नंतर नगर रक्षक दलाला सोबत घेऊन रात्रीची तपासणी सुरू झाली. आधी समज, मग दंड, शेवटी परवाना रद्द. तपासणीचं पथक रात्री बाहेर पडलंच नसतं तर हा नियम कागदावरच राहिला असता.

श्रेय मात्र जपून द्यावं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या नियमामुळे महिन्याला जवळजवळ नऊ खून कमी झाले. पण उतरण २००२ च्या आधीच लागली होती, आणि त्याच वर्षांत साओ पाउलो राज्यातही खून घटत होते. स्त्रियांवरचे हल्लेही कमी झालेले दिसले, पण आधीपासूनचा कल हिशेबात धरल्यावर त्या घटीचं श्रेय बार बंद करण्याला देता येईल इतका ठोस फरक उरला नाही.