पालक दिनाच्या शुभेच्छा

२६ मार्चला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काकूने घरच्या ग्रुपवर फुलांच्या चौकटीतले जोडलेले हात टाकले. वर सोनेरी अक्षरांत 'पालक दिनाच्या हार्दिक शुभेच्छा'. अर्ध्या तासात सगळं खानदान जागं झालं. आत्याने आजी-आजोबांचा कृष्णधवल फोटो टाकला आणि खाली 'तुमची सावली अशीच राहो' असं लिहिलं. दोघांना जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण त्या वेळी कोणी काही बोललं नाही. मुंबईच्या चुलत भावाने 'आईबाबा, तुमच्यामुळेच मी' वगैरे मजकूर कुठूनतरी उचलून चिकटवला. सव्वासातला भाचीने सगळ्यांवर पाणी ओतलं. "अगं आज्जी, हा पालक म्हणजे भाजी. अमेरिकेत आज स्पिनच डे असतो."

काकूचा प्रश्न लगेच आला. "मग भाजीला शुभेच्छा द्यायच्या का?"

काकूची चूक नाही. निरोप मराठीत आणणाऱ्याने स्पिनचचा पालक केला आणि तिथेच घात झाला. खरं तर दोन्ही पालकांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सांभाळणारा तो पालक 'पाल्' धातूतून आलेला आणि भाजीचा पालक संस्कृतातल्या 'पालंक्या'चा वंशज. मराठीत येता येता दोघं एका बाकावर बसले, एवढंच. फरक फक्त व्याकरणाला कळतो. पाककृतीत 'पालक बारीक चिरून घ्यावा' असतं म्हणून ठीक. आदराने कोणी 'घ्यावेत' लिहिलं तर पोलीस येतील.

भाजीवाल्या पालकाला आपल्याकडे असा आदर कधी मिळालाच नाही. गौरी आल्या की पहिल्या दिवशी नैवेद्याला शेपू. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून परसातला माठ, अळू, अंबाडी. चंपाषष्ठीला तर वांग्यासारख्या वांग्याचासुद्धा मान. पालकाच्या नावाने आमच्या घरात एकही तिथी नाही. शिवाय त्याचा कोणाला रागही येत नाही. शेपूचा वास आला की अर्धं घर बाहेर पडतं, मेथी कडू म्हणून मुलं तोंड फिरवतात, चुक्याने दात आंबतात. पालकाबद्दल असं ठाम मत असलेला माणूस मला अजून भेटायचाय.

अमेरिकेत मात्र त्याचा पुतळा आहे. म्हणजे त्याच्या जिवावर मोठा झालेल्याचा. टेक्ससमधल्या क्रिस्टल सिटी या पालक पिकवणाऱ्या गावाने १९३७ साली पॉपायचा पुतळा उभारला. हा खलाशी १९२९ साली वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आला आणि नंतर डबा फोडून पालक घशात ओतत राहिला. आमच्या पिढीने त्याला केबलवर पाहिला आणि पालक म्हणजे लोह, लोह म्हणजे ताकद, एवढं समीकरण पाठ केलं. पुढे कोणीतरी सांगितलं की एका जर्मन शास्त्रज्ञाचं दशांश चिन्ह घसरलं, लोह दसपट छापलं गेलं आणि त्यातून ही सगळी कीर्ती. हा किस्सा १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. मी तो चांगली दहा वर्षं लग्नाच्या पंगतींत ऐकवला. मग वाचनात आलं की त्याचा माग काढायला गेलेल्यांना त्या दशांश चिन्हाचा पुरावाच सापडला नाही. शिवाय १९३२च्या एका पट्टीत पॉपाय स्वतःच सांगतो की पालकात 'अ' जीवनसत्त्व आहे म्हणून मी तो खातो. लोहाचं नावही काढत नाही. आता पंगतीत गप्प जेवतो.

लोहाचं म्हणाल तर १०० ग्रॅम कच्च्या पालकात ते ३ मिलिग्रॅमच्या आसपास. आपला माठ त्याच्या पुढे आहे, आणि माठाचा पुतळा कुठे नाही. कॅल्शियमही पालकात बरंच, पण ऑक्झॅलेट त्याला असं धरून ठेवतं की अंगी लागतं जेमतेम ५ टक्के. पालक खाल्ल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जे खरबरीत लागतं, ते हेच. 'अ' जीवनसत्त्वाच्या बाबतीत खलाशी खरं बोलत होता.

पण मला खरा धक्का बसला तो गच्चीत. मागच्या दिवाळीनंतर कृषी सेवा केंद्रातून 'ऑल ग्रीन' पालकाचं पाकीट आणलं. बी हातावर घेतलं तर ते बी वाटेचना. खडबडीत, कोपरे असलेला, बुचाच्या तुकड्यासारखा खडा. मोजून वीस खडे टोचले. आठवड्याने कुंडीत पाहतो तर चाळिसाच्या वर रोपं. एकाच जागेतून दोन-दोन, तीन-तीन वर आलेली, एकमेकांना कोपर मारत. मला वाटलं दुकानदाराने जास्त दिलं, मग वाटलं मीच मोजायला चुकलो. शेजारच्या कुंडीत बीट लावलं होतं, तिथेही हाच प्रकार. चौकशीअंती कळलं की दोघांचं बी तसंच असतं, तीन-चार फळं एकत्र चिकटून झालेला गोळा. आणि तसंच असणार, कारण आपला देशी पालक मुळात बीटच. वनस्पतिशास्त्रात दोघं एकाच जातीचे, बीटा व्हल्गॅरिस. एकाने कंद फुगवला, एकाने पानं. पॉपायच्या डब्यातला स्पिनच निराळा. तो इराणकडचा, त्याला आपले शेतकी लोक विलायती पालक म्हणतात. एका कुळातले म्हणता येतील, पण चुलत म्हणायचं तरी दुरूनच.

म्हणजे बघा, काकूने आईवडिलांच्या नावाने ज्याला शुभेच्छा दिल्या, भाचीने ज्याला भाजी म्हणून दुरुस्त केलं, तो आमच्या मंडईतला पालक नव्हताच.

ग्रुपवर हे लिहायचा मोह मी आवरला. एका सकाळी एवढं पुरे.

मंडईतला पालक घरी आणला की पहिला कार्यक्रम धुण्याचा. जुडीच्या बाहेरून मावशींनी हिरवीगार, रुंद पानं लावलेली असतात आणि आत पिवळी, मऊ पडलेली. हे दर वेळी दिसतं आणि दर वेळी मी तीच जुडी घेतो. परातीत पाणी घेऊन पानं बुडवायची, हाताने हलकेच खालीवर करायची आणि वरच्या वर उचलून घ्यायची. पाणी ओतून द्यायचं नाही आधी, नाहीतर माती परत पानांवर. पहिल्या पाण्याला तळाशी चहाच्या गाळासारखा थर, दुसऱ्याला चिमूटभर, तिसऱ्याला चार कण. आई तिसऱ्यावर थांबत नाही. तिच्या मते दाताखाली एक कण आला तरी ती बाई नापास.

आणि मग पातळ भाजी. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे आधी भिजवून पालकाबरोबर शिजवलेले, पालक पळीने घोटलेला पण पार गुळगुळीत नाही, डाळीचं पीठ लावलेलं आंबट ताक, बोटभर गूळ. वरून लसणीची फोडणी, लसूण तांबूस होऊन करकरीत होईपर्यंत थांबून. हॉटेलातल्या त्या हिरव्या लगद्यात पनीरचे चौकोन पोहतात, त्याबद्दल मला बोलायचं नाही. पातळ भाजी भाताला आळं करून वाढायची असते. आळं फुटून ती ताटभर पसरली पाहिजे.

अण्णांना ही भाजी जीव की प्राण. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदलली आणि रक्त पातळ राहायची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी पालेभाज्यांतल्या 'के' जीवनसत्त्वाचं समजावून सांगितलं. ते वाढलं की गोळीचा जोर कमी, घटलं की जास्त. "बंद करू नका, पण जेवढी खाता तेवढीच दर आठवड्याला खा. आज गंजभर आणि मग महिनाभर नाही, असं नको." अण्णा चाळीस वर्षं हिशेबनीस होते. त्यांना एवढं पुरलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खाड्यांशेजारी निळ्या पेनाने 'पा' दिसायला लागला. सोमवारी पा, गुरुवारी पा. पाहुणे आले, आग्रह झाला आणि वाटी वाढली, तर 'पा' पुढे दीड असा आकडा. रक्त तपासायला जाताना ते कॅलेंडरचं पान टाचणीतून काढून सोबत नेतात.

त्या दिवशी दुपारी सव्वाएकला, म्हणजे जेवण झाल्यावर, ग्रुपवर अण्णांचा निरोप आला. ते महिन्यातून एखाद वेळीच लिहितात, आणि तेही कार्यालयीन मराठीत.

"शुभेच्छा पोचल्या. आमचेकडे पालक सोमवार व गुरुवार. आज कारले होते."